सत्त्याण्णव टक्के आणि सहदेवकाकांचा खांदा

आमच्या उत्तराआत्याची नक्कल करायला फारसं काही लागत नाही. चष्मा कपाळावर ढकलायचा, मान डावीकडे जराशी कलती करायची आणि समोरचा काहीही म्हणो, अगदी 'कोथिंबीर ताजी आहे, ताई' म्हणो, शांतपणे विचारायचं, "कशावरून?" आवाज चढवायचा नाही. चढवला की ती आत्या राहत नाही, आमची आई होते.

हे मी अधिकारानं सांगतो, कारण मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांचे आवाज माझ्या घशात भाड्यानं राहतात. सेक्रेटरींचा आहे, वॉचमनचा आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या शुभाकाकूंचा तर दोन सुरांत आहे, लिफ्ट चालू असतानाचा आणि बंद असतानाचा.

आत्याच्या 'कशावरून'चा उगम आजी सांगते तो असा. आत्या शाळेत असताना गणपतीच्या नैवेद्याचे मोदक ताटात मांडून ठेवले होते. आजी निरांजन आणायला आत गेली आणि परत येऊन बघते तर पोरगी एकेका मोदकाला बोटानं भोक पाडतेय. नैवेद्याच्या आधी! आजीनं एक ठेवून दिली. आत्या रडली नाही. म्हणाली, "बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आत सारण आहे कशावरून?" आणि त्यातला एक मोदक खरोखरच रिकामा निघाला. ही गोष्ट सांगताना आजी अर्ध्यापर्यंत चिडलेली असते आणि तिथून पुढे तिची छाती फुगत जाते.

आता आत्या त्रेचाळीस वर्षांची आहे आणि पगार घेऊन मोदक फोडते.

म्हणजे असं. आधी ती विमा कंपनीत आकडेमोड करायची. मग तिनं रात्रीच्या जेवणानंतर डायनिंग टेबलवर बसून नवी विद्या शिकली आणि मुलुंड पश्चिमेला, जिथे पूर्वी पंख्यांची पाती बनायची अशा एका गाळ्यातल्या छोट्या कंपनीत लागली. तिथे लँग्वेज मॉडेल बनवतात. आपण लिहिलेलं वाचून उत्तर देणारं ते कॉम्प्युटरातलं प्रकरण. बाकीचे लोक मॉडेलला शिकवतात आणि त्याची परीक्षा घेतात. आत्या त्याच्या आत डोकावते. उत्तर बरोबर आलं ना, यावर तिचं समाधान होत नाही. ते कशामुळे बरोबर आलं, आणि उद्या वेगळ्याच माणसानं वेगळ्याच शब्दांत विचारलं तरी येईल का, हे तिला हवं असतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या कंपनीला एका सेवाभावी संस्थेचं काम मिळालं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मदतक्रमांक. तब्येतीचं काहीही असो, मोबाइलवरून मेसेज करायचा. मॉडेल तो वाचणार आणि ठरवणार, 'आत्ताच्या आत्ता डॉक्टर' की 'उद्या सकाळी फोन'. उद्घाटन गुढीपाडव्याला ठरलं. आमच्या सोसायटीतून पहिली नावं नोंदवली ती तळमजल्यावरच्या सहदेवकाकांनी आणि सुगंधाआजीनं. मालवणकडचं जोडपं. काका तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर इथल्या एका कारखान्यात लागले. मूलबाळ नाही, त्यामुळे घरात रात्री-अपरात्री काही झालं तर ती दोघं आणि तो मोबाइल, एवढंच.

आणि त्या दोघांचं 'काही झालं' म्हणजे काय, ते आत्यानं एकदा बघितलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी काका संध्याकाळी बाजारातून आले आणि गेटजवळच्या खुर्चीत बसले. आत्या तिथून जात होती. तिनं विचारलं, "काका, बरं आहे ना?"

"काय नाय गो. वायच खांदो दुखता. भाजी जड होती."

पिशवीत पालेभाजी होती आणि सदरा घामानं अंगाला चिकटला होता. आत्यानं एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा सदऱ्याकडे आणि त्यांना रिक्षात घातलं. काका वाटेत म्हणत होते, "अगो, घराक सांगलंय नाय, सुगंधा चाय ठेवून बसली आसतली." हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाचं आहे, अजून थोडा उशीर झाला असता तर खांद्याची काळजी उरली नसती.

तर मॉडेल तयार झालं. परीक्षा झाली. सत्त्याण्णव टक्के!

आत्याच्या साहेबांचं नाव मार्तंड सर. आधी ते दहावी-बारावीचे गणिताचे क्लासेस घ्यायचे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्या तोंडून बोर्डाच्या निकालासारखी बाहेर येते, आणि शेवटी 'बरोबर की नाही?' लागतं. आत्या घरून काम करते तेव्हा टेबलावरचा लॅपटॉप मोठ्यानं बोलतो आणि मी सोफ्यावर बसून अभ्यास करतो. असं निदान आईला वाटतं.

"उत्तरा, सत्त्याण्णव! पोरगं बोर्डात आलं! आता पेढे वाटायचे, बरोबर की नाही?"

"सर, मला आधी जरा आत बघू द्या."

"आत काय बघायचंय? पेपरातली वाक्यं त्यानं आधी बघितलेली होती का? नव्हती. मग? कॉपी नाही, काही नाही."

"कॉपी नाही केली सर. पण शिकवायला मेसेज आले ते संस्थेच्या जुन्या ग्रुपमधून, आणि परीक्षेचे मेसेजही त्याच ग्रुपमधून."

"बघ बाई. पण पाडवा पुढे जात नसतो, बरोबर की नाही?"

मला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आत्याला विचारलं तर म्हणाली, "सुगंधाआजीचा आवाज काढ."

माझा हातखंडाच तो. लगेच कमरेवर हात ठेवला. "मेल्या, ह्या सुरमईक वास मारता! माका काय घाटकोपरची समजलंस?"

आत्या खळखळून हसली. "झकास. आता ती बँकेत गेलीय. काउंटरवर नवीन मुलगा आहे. त्याला सांगायचंय की पासबुक भरून द्या. काढ."

"मेल्या, ह्या पासबुकाक..." मी सुरू केलं आणि थांबलो.

"ती बँकेतल्या पोराला मेल्या म्हणेल?"

नाही म्हणणार. मी तिला पोस्टात बघितलंय. परक्या माणसासमोर ती पदर सावरते आणि शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलते. 'साहेब, जरासं बघता का?' मी तिला बाजारातच उभी ठेवली होती.

"तुझ्याकडे तिचा आवाज आहे, ओज्या. ती नाहीये," आत्या म्हणाली. "आणि बाजारात तुझी परीक्षा घेतली असती, तर शंभरपैकी शंभर! तू चुकलास हे मला कळलं, कारण मी तिला ओळखते. मॉडेल असं चुकतंय हे मला केव्हा कळणार?"

"चुकल्यावर."

"आणि पलीकडे सहदेवकाका असले तर?"

हे प्रकरण काय आहे ते मला तेव्हा समजलं.

पुढचे काही दिवस आत्या जेवताना भाजी कुठली आहे हे न बघता जेवली. मग एका दुपारी तिनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. मॉडेलच्या आत असंख्य बारीक दिवे असतात, असं समज, ती म्हणाली. खरे दिवे नाहीत, आकडेच. पण वाक्य आत गेलं की त्यातले काही पेटतात. कुठला दिवा कशावर पेटतो आणि निर्णय कुठल्या दिव्याचं ऐकून होतो, हे हुडकायचं, हे तिचं काम.

पडद्यावर एका मुलाचा जुना मेसेज होता. 'बाबांच्या छातीत दुखतंय, प्लीज प्लीज लवकर कोणीतरी या.' निर्णयात ज्या शब्दांचं वजन जास्त, ते गडद भगवे. 'छातीत' अगदी फिकं होतं. 'प्लीज प्लीज लवकर कोणीतरी' मात्र होळीसारखं पेटलेलं!

"म्हणजे ते छाती वाचतच नाही?"

"कशावरून?" आलंच. "वाचतं. छातीचा, श्वासाचा वेगळा दिवा आहे आत. पेटतोही नीट. पण निर्णय घेताना त्याला कोणी विचारत नाही. घरात म्हाताऱ्याला बसायला खुर्ची देतात आणि सल्ला घेत नाहीत ना, तसं."

मग 'प्लीज'वर पेटणारा तो दिवा आणखी कुठे पेटतो ते तिनं दाखवलं. 'प्लीज कोणीतरी सांगा रिझल्ट कधी आहे', पेटला. 'आमची मांजर सापडत नाहीये, लवकर कळवा', पेटला. तो आजाराचा दिवा नव्हताच, घाबरलेल्या माणसाचा होता. आत्यानं तेवढा एकच दिवा बंद करून परीक्षा परत घेतली. सत्त्याण्णवचे झाले छप्पन्न.

झालं होतं असं, की जुन्या ग्रुपवर आजारी माणसं स्वतः लिहायचीच नाहीत. लिहायची त्यांची मुलं. कोणी पुण्याहून, कोणी अमेरिकेतून. आईबाबा लांब, हातात फक्त मोबाइल, त्यामुळे दुखणं जेवढं मोठं तेवढे 'प्लीज' जास्त. मॉडेलनं सोपी वाट पकडली. दुखणं कशाला ओळखा, घाबरणं ओळखलं की मार्क मिळतात! त्या ग्रुपवर ते चालूनही गेलं असतं. पण नव्या क्रमांकावर म्हातारी माणसं स्वतः लिहिणार होती.

आत्यानं सरांना फोन लावला. मी गणिताचं पुस्तक उलटं धरून कान दिले.

"उत्तरा, उत्तर बरोबर आलं की मार्क द्यायचे. आतलं बघून कोणी नापास करतं का?"

"तुम्ही क्लासमध्ये स्टेप्सचे मार्क द्यायचात ना सर?"

"ते वेगळं."

"कशावरून वेगळं? उत्तर बरोबर, स्टेप्स चुकीच्या. अशा पोराचं तुम्ही काय करायचात?"

"शेजारच्याचा पेपर बघितलास का विचारायचो." सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघ, बॅनर छापून झालेत. संस्थेच्या लोकांना मी काय सांगू? आत दिवे दिसतात म्हणून उद्घाटन नाही? वेडा म्हणतील मला. बरोबर की नाही?"

"बरोबर," आत्या म्हणाली. मी दचकलोच. "नुसते दिवे बघून मी पण ठरवणार नाही. माझं बघणं चुकीचं असू शकतं. म्हणून तुम्हाला आत्ताच मेल करते, हे मॉडेल कुठल्या नव्या मेसेजवर पडेल आणि कुठल्या नाही. मेसेज अजून गोळा केलेले नाहीत. नंतर तपासू. माझे अंदाज चुकले तर मॉडेल लावा आणि मला पेढे द्या."

मला ही आत्याची सगळ्यात भारी गोष्ट वाटते. एरवी लोक निकाल लागल्यावर म्हणतात, 'मी म्हटलंच होतं.' ही आधी म्हणते, तेही लेखी, आणि आपल्याच साहेबांच्या हातात काठी देऊन.

तिचे अंदाज तीन होते. जे दुखणं कमी करून सांगतात त्यांना मॉडेल 'उद्या सकाळी'त ढकलेल. जे क्षुल्लक गोष्टीवर आरडाओरडा करतात त्यांच्याकडे डॉक्टर पाठवेल. आणि घाटकोपरची गुजराती माणसं मराठीत गुजराती मिसळून लिहितात, तिथेही ते गडबडेल.

मग ती संध्याकाळी बागेतल्या बाकांवर जाऊन बसायला लागली. म्हाताऱ्यांना म्हणायची, काही झालंय असं समजा आणि नेहमी जसं लिहाल तसं लिहून द्या. घाटकोपरला मैत्रिणीच्या सोसायटीतही जाऊन आली. शुभाकाकूंनी काही समजायची गरजच पडू दिली नाही, त्यांनी त्याच दिवशीचा खरा मेसेज दिला. 'अहो मेले मी!! प्लीज लवकर कोणीतरी बघा!! डोळ्याच्या थेंबांची बाटली सापडत नाहीये, आता काय करू!!'

सहदेवकाका बाकाच्या टोकाला बसले होते. आत्या त्यांच्याजवळ सरकली. "काका, त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसलात, तेव्हा मेसेज करायचा असता तर काय लिहिलं असतं?"

"खरा सांगू? केलंच नसतंय."

"केला असता तर?"

काकांनी चष्मा लावला आणि एका बोटानं, मध्ये मध्ये आकाशाकडे बघत, लिहिलं. परक्याला लिहायचं म्हणून मालवणी पार पुसून टाकली होती. 'नमस्कार. खांदा थोडा दुखत आहे व घाम येत आहे. घाई नाही. सवडीने फोन करावा. आपला नम्र, सहदेव.'

शेजारून सुगंधाआजी म्हणाली, "बरोबर लिवलांस. उगाच लोकांक कित्याक घाबरवचा? आमच्या गावाक मरणाचा सांगतानाय आधी 'बरा आसा' म्हणतत."

संस्थेच्या डॉक्टर जान्हवी यांनी सगळे मेसेज वाचून कुठला तातडीचा, कुठला नाही, ते ठरवून दिलं. मॉडेल काय म्हणतं ते त्यांना दाखवलेलं नव्हतं. काकांच्या मेसेजवर त्यांनी एकच शब्द लिहिला, 'आत्ता'.

तपासणी पुन्हा आमच्याच डायनिंग टेबलावर झाली, लॅपटॉपमध्ये मार्तंड सर. शुभाकाकूंच्या थेंबांच्या बाटलीला मॉडेलनं 'आत्ताच्या आत्ता डॉक्टर' दिलं तेव्हा मी उशीत तोंड घालून हसलो. सरही हसले. घाटकोपरचे मेसेज आले आणि मॉडेलनं ते बहुतेक सगळे बरोबर ओळखले. आत्याचा तिसरा अंदाज साफ पडला.

"इथे मी चुकले," ती लगेच म्हणाली. कोणी विचारायच्या आधी. "का चुकले ते अजून माहीत नाही. शोधते."

"म्हणजे अर्धा पेढा," सर म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "पुढचा घे."

पुढचा काकांचा होता. आत्यानं तो मोठ्यानं वाचला, अगदी 'आपला नम्र'पर्यंत. मॉडेलचं उत्तर आलं, 'उद्या सकाळी फोन.'

"सर, हा माणूस खरा आहे. माझ्याच इमारतीत राहतो. हे खरंच झालं होतं आणि त्या दिवशी त्यांना सकाळ दिसली नसती."

तसलेच आणखी मेसेज झाले, 'जरा दम लागतो, विशेष नाही', 'जमल्यास कळवावे'. मॉडेल त्यातले बरेचसे गादीवर लोळल्यासारखं 'उद्या सकाळी' म्हणत सोडत गेलं. मग लॅपटॉपमधून सरांचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यात बोर्ड नव्हतं.

"माझे बाबा असंच लिहितील गं. सेम. 'सवडीने'."

आणि 'बरोबर की नाही' म्हणायचं ते विसरले. मी गळ्याशपथ सांगतो, विसरले.

पाडव्याला उद्घाटन झालं, बॅनरसकट. पण पहिले काही आठवडे मेसेज वाचायला माणसं बसली, मॉडेल नाही. संस्थेला हे मार्तंड सरांनीच सांगितलं आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. आत्यानं संध्याकाळची पाळी घेतली. दुसरीकडे मॉडेलला म्हाताऱ्यांनी स्वतः लिहिलेले मेसेज देऊन परत शिकवलं. घाबरलेले आणि न घाबरलेले, दुखणारे आणि न दुखणारे, सगळे उलटसुलट मिसळून, म्हणजे नुसत्या आरडाओरड्यावर मार्क मिळू नयेत. या वेळी आत्या आधी आत बघायला गेली आणि मार्क नंतर विचारले. छातीच्या, श्वासाच्या दिव्याचं आता निर्णयात ऐकलं जात होतं. घाबरण्याचा दिवाही होता, पण कोपऱ्यात. मग बागेतल्या बाकांवरचे नवे मेसेज, मॉडेलनं कधीच न बघितलेले. तिथेही टिकलं.

"म्हणजे आता चुकणार नाही?" मी विचारलं.

"कशावरून?" ती म्हणाली. "एक भोक पाडून बघितलं, तिथे सारण आहे. बाकीचे मोदक बघायचेत अजून."

मॉडेल सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी, दुपारी, आत्याच्या लॅपटॉपवर एक मेसेज वर उसळून आला. मॉडेलनं त्याला 'आत्ताच्या आत्ता' दिलं होतं. 'नमस्कार. छातीत थोडे भरल्यासारखे वाटते. विशेष काही नाही. कळावे. सुगंधा.'

डॉक्टर जान्हवींचा फोन तळमजल्यावर गेला तोवर आत्या चपला उलट्यासुलट्या घालून जिन्यावर होती, मी मागे. दार काकांनी उघडलं.

"काय नाय गो, ये."

"तुमच्या 'काय नाय'वर माझा विश्वास नाही, काका."

आजी पलंगावर पाय सोडून, फोन कानाला लावून, पुस्तकी मराठीत डॉक्टरांना उत्तरं देत होती. हो मॅडम. नाही मॅडम. डावा हात ठीक आहे मॅडम. मग संस्थेची माणसं आली, ईसीजीची पट्टी काढली, तपासलं. हृदय ठणठणीत! सकाळी काळ्या वाटाण्यांची उसळ झाली होती, आणि आजीनं ती 'उरली तर फुकट जाईल' म्हणून तीनदा घेतली होती.

माणसं गेल्यावर आजीनं मालवणीत पुनःप्रवेश केला. "बघ, वायूसाठी एवढी माणसां इली! लाज नाय वाटत तुमका? मी लिवलंय होतंय ना, विशेष काय नाय म्हणान?"

"लिहिलं होतंत," आत्या म्हणाली. ती खाली बसली होती, पलंगाला टेकून, आणि हसत होती. एवढी हसताना मी तिला मोदकाच्या गोष्टीवरही बघितलेलं नाही.

मग तिनं मला वर पिटाळून लॅपटॉप आणवला आणि तिथेच, आजीच्या पलंगाशी, तो मेसेज उघडला. 'विशेष काही नाही' फिकं. 'छातीत' आणि 'भरल्यासारखे', गडद भगवं.

"काय बघतंस ता?" आजीनं मान लांब करून विचारलं.

"तुमचं ऐकलं कसं, ते."

"ऐकलां खय? मी नको म्हणत होतंय." आजी उठली. "ओज्या, माझी नक्कल मागसून कर. आधी आत्याक उसळ वाढ. तिचा जेवाण ऱ्हवला आसतला."